लोटन काका गेले कुठे होते?

॥ श्री ॥

मेहरूण, जळगाव
१२ जून १९९४

ती. प्रमिला आत्यास,
शैलजाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, आई त्याहून जास्त कुरकुरते. आबा सकाळी तलावाला फेरी मारतात, घरी येऊन पेपरातले बाजारभाव वाचतात आणि चहा थंड होईपर्यंत चिडतात. भाव कोणी पाडले हे त्यांना माहीत असतं, पण नाव घेत नाहीत.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजात सिनेमा कसा बघावा याचं शिबिर झालं. पुण्याहून आलेल्या एका सरांनी फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं आणि म्हणाले, जगातल्या बहुतेक नायकांची गोष्ट या वाटेनं जाते. नायक घरी सुखात असतो. त्याला कुठूनतरी हाक येते. आधी तो नाही म्हणतो. मग एखादा गुरू भेटतो आणि नायक उंबरठा ओलांडतो. पुढे सोबती, वैरी, परीक्षा, एक अंधारी गुहा, तिथे मरता मरता वाचणं, हाती काहीतरी मोलाचं लागणं. शेवटी ते घेऊन तो घरी परततो आणि घरच्यांचं भलं होतं. मला ते इतकं आवडलं, की दोन दिवस मी भेटेल त्याची गोष्ट त्या वर्तुळात बसवत होते. दूधवाला अर्ध्यापर्यंत बसला.

तू दीपचंदला ओळखतेस. कापडवाल्या इंदरचंद शेठचा मुलगा, लग्नाची व्हिडिओ शूटिंग करतो. नवरानवरी बघून तो कंटाळलाय. त्याला आपल्या भागातली, आपल्या बोलीतली गोष्ट कॅसेटवर काढायची आहे आणि ती मी लिहिते आहे. माझ्या नायकाचं नाव चुडामण. केळीच्या वखारीत घड उचलणारा पोरगा बाजार समितीचा सभापती होतो. पण चांगुलपणानं होत नाही. ज्याचा हात धरून वर येतो त्यालाच खाली ढकलतो.

आता माझा प्रश्न असा, की असा माणूस त्या वर्तुळात बसतो का? सरांना विचारलं तर म्हणाले, बसवून बघा. धुळ्याच्या टॉकीजमध्ये लागलेला एकही सिनेमा तू सोडलेला नाहीस, म्हणून तुला विचारते.

माझ्यावरचा जीव असाच ठेव आणि शाळेतल्यासारखं लाल शाईनं उत्तर देऊ नकोस.

तुझी,
शैलजा


॥ श्री ॥

धुळे
१९ जून १९९४

चि. शैलजास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. लाल शाई नाही, कारण दौत रिकामी आहे. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले तरी तुझं शुद्धलेखन मला दिसतंच, पण या वेळी सोडून देते.

तुझ्या सरांचं वर्तुळ मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं काढलं आहे. आमचे हे विचारत होते, हे काय, ग्रहण लागणार आहे का. त्यांना म्हटलं, अभ्यास आहे. मग परवा मुद्दाम दुपारच्या खेळाला गेले. सिनेमा बघायला कमी, बायका बघायला जास्त. आमच्याकडे बायकांच्या बाजूला भुईमुगाच्या शेंगा फोडल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. नायक आला, गायला, रडला, शेंगा चालूच. ज्याला सगळ्यांच्या उरावर बसायचं आहे तो लबाड पडद्यावर आला आणि फोडणं थांबलं. मी मध्यंतरात शेजारच्या दोघींना विचारलं, असं का गं. एक म्हणाली, चांगला माणूस काय करणार ते आमाले ठाऊक शे, हा काय करेल ते समजत नाही. दुसरी म्हणाली, त्याले काहीतरी पाहिजे शे, म्हणून बघावंसं वाटतं. मला दुसरीचं उत्तर जास्त पटलं.

तेव्हा माझ्या शंका लिहून घे आणि उत्तरं पाठव. चुडामणला हाक कोण देतं? नायकाला संकट हाक मारतं, याला कोण? नाही कोण म्हणतं? तो स्वतः तर म्हणणार नाही. आणि उंबरठा ओलांडताना त्याच्या पायाखाली कोण येतं? ते ठरवल्याशिवाय पुढचं लिहू नकोस.

वहिनीला गुडघा निर्गुडीच्या पाल्यानं शेकायला सांग. तुझ्या आबांना माझा नमस्कार. तुझं सगळं नीट होवो, आणि पत्राला उशीर करशील तर खडू पुसून टाकीन.

तुझी आत्या,
प्रमिला


॥ श्री ॥

मेहरूण, जळगाव
३ जुलै १९९४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या शंकांनी माझी झोप उडवली, पण उत्तरं सापडली.

चुडामणला कोणी हाक मारत नाही. तोच स्वतःला हाक मारतो. वखारीत घड मोजणाऱ्या मुनीमाची खुर्ची बघतो आणि त्या दिवसापासून त्याला उभं राहवत नाही. नाही म्हणतात ती इतर माणसं: आई, मास्तर, गावातले म्हातारे. जो नकार चांगल्या नायकाच्या मनात असतो, तो याच्या बाबतीत सगळ्या गावाच्या तोंडी आहे. गुरूही आहे. तालुक्यातला सरळ, सज्जन माणूस, त्याला चुडामण भावासारखा मानतो. सोबती आहेत, वैरी आहेत, फक्त याच्याकडे ते आलटून पालटून तीच माणसं असतात. दीपचंदला हे फार आवडलं. म्हणाला, कलाकार कमी लागतील.

उंबरठ्याचा प्रसंग मी असा लिहिलाय. सभापतीची निवड आहे. गुरूच निवडून येणार हे नक्की. समोरच्यांनी माणसं फोडू नयेत म्हणून चुडामण सांगतो, आपले सगळे सदस्य मी जीपमधून सापुताऱ्याला फिरवून आणतो, निवडणुकीच्या सकाळी हजर करतो. जीप गुरूची. वाटेत खायला दशम्या आणि चटणी गुरूच्या बायकोनं बांधून दिलेली. ठरल्या सकाळी जीप येते, सगळे हसत उतरतात, आणि सभेत नाव पुकारलं जातं ते चुडामणचं.

इथपर्यंत सगळं वर्तुळात बसतं. पुढे गाडी अडते. परतीची वाट जमत नाही. दीपचंदला गणपतीच्या आत शेवट हवाय. तो म्हणतो एक तर मारून टाक, नाहीतर गुरूच्या पाया पडून रडव. दोन्ही लिहून बघितलं. मेला तर गोष्ट मधेच सोडल्यासारखी वाटते. रडला तर तो चुडामणच वाटत नाही, दुसराच कोणी त्याचे कपडे घालून रडतोय असं वाटतं. असा माणूस घरी परत येतो का, आणि आला तर हातात काय घेऊन येतो?

आईचा गुडघा निर्गुडीनं उतरला. माझ्यावर माया ठेवतेसच, आता थोडी चुडामणवरही ठेव.

तुझी,
शैलजा


॥ श्री ॥

धुळे
१० जुलै १९९४

चि. शैलजास,
आशीर्वाद.

दशम्यांपर्यंत वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. वर्तुळ मी पुसलं आहे.

तू मला काय दूधखुळी समजलीस? चुडामण हे नाव ठेवलंस म्हणून माझा धाकटा भाऊ लोटन मला ओळखू येणार नाही? जीप तुझ्या आबांची होती. दशम्या तुझ्या आईनं केल्या होत्या. लोटननं सापुताऱ्याला नेलेली माणसं तुझ्या आबांच्या, झुलालच्या नावावर निवडून आलेली होती. त्या सकाळी तुझे आबा नवीन टोपी घालून बसले होते. तू तेव्हा सहावीत होतीस, तुला जेवढं दिसलं तेवढं तू लिहिलंस. त्यानंतर त्यांनी गाव सोडलं, जळगावला येऊन राहिले, आणि नऊ वर्षांत चोपड्याला जायला तापीचा पूल ओलांडला नाही, हेही तुला माहीत आहे. कानबाईच्या नैवेद्याचे रोटसुद्धा वेगळे झाले. आपल्यात त्याहून मोठं तुटणं नाही.

मला राग आलाय तो तू लिहिलंस म्हणून नाही. छान लिहिलंस, तेच वाईट झालं. लोक बघतील. चोपड्यात गल्लीगल्लीत व्हिडिओ आहेत. कॅसेट लागली, की आठ दिवसांत बठ्ठाच्या बठ्ठा तालुका जीप ओळखेल. लोकांसमोर हसं झालेला लोटन मग कधीच पुढे येणार नाही, आणि पोरीनं आपली लाज पडद्यावर मांडली म्हणून तुझे आबा त्याहून मागे जातील. माझी एकच इच्छा उरली आहे शैलजा. माझे दोघे भाऊ मी डोळे मिटायच्या आत एका पंगतीला बसल्याचं मला कळायला हवं. तुझा सिनेमा लागला की ती आशा मी सोडून देईन.

पण नको लिहू असंही मी म्हणणार नाही. शाळेत पोरांना कधी लिहू नका म्हटलं नाही. एक अट घालते. चोपड्याला जा आणि जे लिहिलंस ते लोटनच्या तोंडावर वाचून दाखव. त्यालाच विचार परत कधी आलास म्हणून. त्याच्यासमोर वाचता आलं तर काढ सिनेमा. नाही आलं तर फाड.

रागावले आहे, तरी तुझं भलंच चिंतते. आबांना यातलं काही बोलू नकोस.

आत्या


॥ श्री ॥

मेहरूण, जळगाव
१७ ऑगस्ट १९९४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र नाही, कारण जायचा धीर होत नव्हता. काल गेले. आणि माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे, ती चूक की काय ते तूच सांग.

कानबाईचा रविवार झाला, सोमवारी विसर्जन झालं, म्हणून म्हटलं आता मंगळवारी काका मोकळे असतील. बंगल्याच्या ओट्यावर जत्रा होती. कोणाला बदली हवी, कोणाला गाळा हवा, कोणी नुसतेच बसलेले. मी नाव सांगितलं तशी सगळी माणसं बाजूला झाली. काकांनी मला आत नेलं ते सरळ स्वयंपाकघरात. का आलीस हे विचारलंच नाही. काकूला म्हणाले, पोरले जेवाले वाढ. मी बसले. पोळी, गंगाफळाची भाजी, खीर. भूक लागली होती, दोन पोळ्या खाल्ल्या. तिसरी वाढताना काकू काकांकडे बघून रडली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्या रोटांचं पीठ खाते आहे.

दीपचंद जैन आहे, त्याला रोटांचं काही ठाऊक नाही. त्याला आज सकाळी जसं समजावलं तसंच तुलाही लिहिते, म्हणजे माझं कुठे चुकत असेल तर कळेल. कानबाई बसवताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू आणि डाळ घ्यायची, दळायची, आणि ते पीठ फक्त भाऊबंदांनीच खायचं. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही, आणि पुनवेच्या आत सगळं संपवायचं. ज्यांचे रोट वेगळे त्यांचं घर वेगळं. निवडतो आम्ही बायका, दळतो आम्ही बायका, मूठ पुरुषाच्या नावाची. पण ते भांडण नंतर करू.

आमच्याकडे यंदाही दोनच नावं घेतली, आबा आणि दादा. काकांचं घर सहज म्हणूनही कोणी मोजत नाही. आणि तिकडे काकू सांगत होती, की काका स्वतःचं आणि मुलाचं नाव घेतात आणि मग झुलाल म्हणून मूठ सोडतात, मग दादाचं नाव घेऊन. रोट वेगळे झाले त्या सालापासून दर वर्षी. पहिल्या वर्षी काकू बोलली की ते येणार नाहीत, मग खायचं कोणी. काका म्हणाले, मी खाईन. म्हणून दर श्रावणात हा माणूस दोन्ही वेळेला तेच खातो. मुलगा कंटाळून बाहेर जेवतो. ओट्यावर शंभर माणसं चहा पीत बसलेली असतात, काकांनी सांगितलं तर वाटेल ते करतील, पण त्यातला एकही आत येऊन यांच्या ताटातला घास खाऊ शकत नाही. पित्तानं काकांचा घसा जळत होता, तरी खात होते.

मग मी वाचलं. तुझी अट होती म्हणून सगळं वाचलं, जीपसुद्धा. काका मांडी घालून ऐकत होते, पोरं गोष्ट ऐकतात तसे. जीपच्या प्रसंगाला हसले. म्हणाले, सदस्यांपैकी दोघांना घाटात गाडी लागली होती, ते घाल, मजा येईल. पश्चात्ताप म्हणशील तर नावालाही नाही. झुलाल फार सरळ, त्याला खुर्ची वर्षभरही टिकवता आली नसती, घरात राहिली हे काय वाईट झालं, असं त्यांचं म्हणणं. मला संताप आला. मी वहीत वर्तुळ काढून दाखवलं, इथे तुम्ही घर सोडलंत, इथे सगळं मिळवलंत, आता परतीची जागा रिकामी आहे, तुम्ही परत कधी आलात ते सांगा. काकांनी त्या वर्तुळावरून बोट फिरवून बघितलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. मग म्हणाले, पण मी कोठे गयथू?

आत्या, त्यांच्या लेखी ते घरातून कधी गेलेच नाहीत. चांगला नायक घर सोडतो म्हणून परत येऊ शकतो. हा माणूस घरच्यांना तुडवून गेला तरी त्याला वाटतं की तो घरातच आहे आणि बाकीचेच उठून गेले. वर्तुळात ती जागा रिकामी का राहते ते मला आत्ता समजलं, आणि समजून फार वाईट वाटलं.

शेवटी मारायचं असेल तर मार, लोकांना आवडतं, असंही म्हणाले. निघताना मात्र पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. डब्यात निम्मं पीठ अजून आहे आणि पुनव रविवारी.

घरी येऊन आईला सांगितलं, आईनं आबांना. मला वाटलं आता ताट भिरकावतील. आबांनी एवढंच विचारलं, की पीठ किती उरलं आहे. मग उठून तलावाकडे गेले. हे काय आहे ते मला कळव. मी खाल्लं ते पाप झालं का? वेडी असले तरी तुझीच भाची आहे, सांभाळून घे.

शैलजा


॥ श्री ॥

धुळे
१९ ऑगस्ट १९९४

चि. शैलजास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि देवापुढे ठेवलं. हे उत्तर तुला पुनवेनंतरच मिळेल. दोघांनाही राखी टपालानं धाडली आहे, कंबरेनं प्रवास होत नाही.

पाप कसलं. तुझं लग्न होईपर्यंत तू त्या कुळाची आहेस, तुला तो घास चालतो. मला चालत नाही. माहेरचे रोट मी लग्नानंतर चाखले नाहीत, वास मात्र अजून ओळखते. आता आबांनी तो प्रश्न का विचारला ते ऐक. पुनवेच्या पुढे पीठ उरलं तर दोष त्या घराला लागत नाही, ज्याच्या नावाची मूठ त्याला लागतो. लोटननं मूठ झुलालच्या नावानं सोडली. म्हणजे डब्यात उरलंय ते पीठ लोटनचं नाही, तुझ्या आबांचं आहे. इतकी वर्षं तो भावाच्या वाटचं खात आला, हे तुझ्या आबांना परवापरवापर्यंत माहीत नव्हतं.

आता मला एक गोष्ट सतावते आहे. ही माया आहे की पुन्हा तीच जीप? तेव्हाही त्यानं झुलालचं नाव पुढे करून आपलं साधलं होतं. आताही नाव झुलालचं आणि भावाला पेचात पकडण्याची वाट नऊ वर्षं बघत बसला, असंही असू शकतं. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलं आहे, तरी मला सांगता येत नाही. कदाचित त्यालाही सांगता येणार नाही. बायका शेंगा फोडायच्या का थांबतात, ते मला घरी बसून कळलं.

तू अट पाळलीस. सिनेमाचं काय ते आता तू ठरव, माझा शब्द मी मागे घेतला. सुखी राहा, आणि जळगावची बातमी आली की आधी मला लिही, दीपचंदला नंतर सांग.

तुझी आत्या,
प्रमिला


॥ श्री ॥

जळगाव
२३ ऑगस्ट १९९४

चि. सौ. प्रमिलास,
झुलालचे आशीर्वाद.

राखी मिळाली, शैलजानं बांधली. तुला बातमी हवी आहे असं शैलजा म्हणाली. तिनं लिहिलं तर फुलवून लिहील, म्हणून मीच लिहितो.

रविवारी सकाळच्या गाडीनं चोपड्याला गेलो. शैलजाच्या आईला सोबत घेतलं, मुलगा नाशिकहून परस्पर आला. तापीला पाणी चांगलं आहे. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली, काही पाया पडायला वाकली, त्यातले दोघे सापुताऱ्याच्या जीपमधले होते. मी त्यांच्यातून वाट काढली. आत जाऊन पाटावर बसलो आणि तुझ्या धाकट्या वहिनीला सांगितलं, की मी पिठासाठी आलो आहे, दुसऱ्या कशासाठी नाही. लोटन समोर बसला. तो खूप सुटला आहे आणि केस पांढरे झालेत. बायका लाटत होत्या, आम्ही खात होतो. दुपारी थोडं थांबलो, पुन्हा बसलो. दिवेलागणीला डबा रिकामा झाला, वहिनीनं पालथा करून दाखवला.

तेव्हा त्यानं शैलजाच्या सिनेमाचा विषय काढला. मी म्हटलं, पोर लिहिते आहे तर लिहू दे, जे झालं ते झालंच आहे. फक्त रोट त्यात यायला नकोत, ते बाहेरच्याला दाखवायचे नसतात. यावर त्याचं आणि माझं एकमत झालं. शैलजा तेव्हापासून तोंड फुगवून बसली आहे. तिला म्हणे शेवट सापडला होता, तोच आम्ही काढून घेतला. दुसरा शोधेल, हुशार आहे.

निवडणुकीचं तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. मी त्याला माफ केलेलं नाही, हे तुला स्पष्ट लिहितो, उगाच पेढे वाटू नकोस. निघताना मी त्याला बजावलं, की पुढच्या वर्षी तुझ्या घरातली नावं तेवढीच मोज, माझ्या नावानं मूठ सोडू नकोस. तर तो म्हणाला, की मी सोडणार. खूप समजावलं, ऐकत नाही. लहानपणापासून तो असाच आहे, तुला माहीत आहे.

तेव्हा पुढच्या श्रावणात मला परत जावं लागणार. कंबरेची काळजी घे. आमच्यावर लोभ आहे तो राहू दे.

तुझा भाऊ,
झुलाल